पाटी विनोदाची, आत जखम: एका कोरियन चित्रपटाचं प्रकरण

हे प्रकरण 2003 च्या ‘सेव्ह द ग्रीन प्लॅनेट’ या दक्षिण कोरियाई चित्रपटाचं आहे. चित्रपट बनवणारी माणसं सार्वजनिक आहेत, म्हणून त्यांची नावं दिली आहेत. शेवटी आमच्या छोट्या गटाचा अनुभव येतो, त्यातली नावं मुद्दाम गाळली आहेत. शेवट उघड केल्याशिवाय या चित्रपटाबद्दल नीट बोलताच येत नाही. ज्यांना तो कोरा बघायचा आहे त्यांनी आधी बघून यावं.

पार्श्वभूमी

कोरियन सिनेमावर प्रेम करणाऱ्यांना 2003 हे साल तोंडपाठ असतं. बोंग जून-होचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ त्या वर्षीचा, पार्क चान-वूकचा ‘ओल्डबॉय’ही त्याच वर्षीचा. एका वर्षात इतकं पीक क्वचितच येतं. त्याच वर्षी 4 एप्रिलला जांग जून-ह्वान नावाच्या तरुणाचा पहिला मोठा चित्रपट लागला. मूळ कोरियन नावाचा अर्थ ‘पृथ्वीला वाचवा!’, उद्गारचिन्हासकट. लहान मुलांच्या कार्टूनमधली आरोळी वाटावी असं नाव.

जांग हा कोरियन फिल्म अकादमीत बोंग जून-होचा वर्गमित्र. दोघांनी मिळून एका पाणबुडीपटाच्या पटकथेवर कामही केलं होतं. या चित्रपटाची कल्पना जांगला दोन ठिकाणांहून सुचली. एक म्हणजे ‘मिझरी’. आपल्या आवडत्या लेखकाला डांबून ठेवणाऱ्या बाईची ती गोष्ट बघताना त्याला वाटलं, हीच गोष्ट डांबणाऱ्याच्या बाजूने सांगितली तर? दुसरं म्हणजे इंटरनेटवर सापडलेलं एक पान. लिओनार्डो डिकॅप्रिओ हा परग्रहवासी असून बायकांना भुरळ घालून तो पृथ्वी जिंकणार आहे, असं कुणीतरी तिथे लिहून ठेवलं होतं. पहिल्यातून त्याला बाजू मिळाली, दुसऱ्यातून वेड.

गोष्ट अशी. ब्यॉन्ग-गू नावाचा तरुण डोंगरातल्या एकाकी घरात मधमाश्या पाळतो आणि पुतळे बनवतो. त्याची खात्री पटली आहे की अँड्रोमेडाहून आलेले परग्रहवासी माणसांच्या वेषात वावरत आहेत आणि पृथ्वी नष्ट करण्याच्या बेतात आहेत. कांग मान-शिक हा एका रसायन कंपनीचा बडा मालक त्यांच्यातलाच एक, असं त्याचं म्हणणं. सर्कशीत दोरीवर चालणाऱ्या सुनीला सोबत घेऊन तो कांगला पळवून आणतो आणि तळघरातल्या खुर्चीला जखडतो. चंद्रग्रहणाच्या आत त्या परग्रहवासींच्या राजपुत्राचा पत्ता काढायचा आहे.

अडचण

पहिला अर्धा तास हसू आवरत नाही. दिवे लावलेली शिरस्त्राणं आणि काळे प्लास्टिकचे झगे घालून ही जोडी पार्किंगमध्ये दारू प्यायलेल्या कांगला उचलते, तेव्हा पोरांनी गल्लीत केलेली झटापट आठवते. कांगचं डोकं भादरलं जातं, कारण ब्यॉन्ग-गूच्या मते परग्रहवासी केसांतून संदेश पाठवतात. ब्यॉन्ग-गू हे सगळं इतकं मन लावून समजावतो की बघणारा हसतच राहतो.

मग पायांचं दृश्य येतं. कोरियात अंघोळीच्या वेळी अंग घासायला हातात घालायचा एक खरखरीत कापडी मोजा वापरतात, घरोघरी मिळणारा. ब्यॉन्ग-गू त्या मोज्याने कांगच्या पायांची कातडी घासघासून सोलतो आणि वर अंगदुखीवर लावायचं झोंबणारं द्रव औषध फासतो. दोन्ही वस्तू कुठल्याही न्हाणीघरातल्या, कपाटातल्या. इथे पहिल्यांदा घशात हसू अडकतं. आपण सोललेल्या गुडघ्यावर कधीतरी चुकून बाम चोळलेला असतो, त्यामुळे ती झोंब ऐकीव राहत नाही.

इथून पुढे चित्रपट दर वीस मिनिटांनी आपल्या पायाखालची जमीन सरकवतो. ब्यॉन्ग-गू भोळा वेडा नाही. कांगच्या आधीही त्याने माणसं आणली आणि मारली आहेत. ती माणसं यादृच्छिक नाहीत. ज्यांनी ज्यांनी त्याचं आयुष्य चिरडलं, त्यांचीच ती यादी आहे. बाप कोळशाच्या खाणीतला, शाळेत मारहाण, तुरुंगात मारहाण, संप मोडताना गेलेली प्रेयसी, आणि कांगच्या कंपनीमुळे कोमात गेलेली आई. आता कोणाच्या बाजूने बसायचं? खुर्चीत रक्तबंबाळ झालेला माणूस सुटावा असं वाटतं आणि तोच माणूस या सगळ्याच्या मुळाशी आहे हेही दिसत असतं.

सगळ्यात क्रूर क्षणाला रक्त नाही. सुटकेसाठी कांग खोटं सांगतो: माझ्या गाडीच्या डिकीत एक बाटली आहे, वर बेंझिन लिहिलंय, पण ते तुझ्या आईवरचं औषध आहे. ब्यॉन्ग-गू धावत दवाखान्यात जातो आणि स्वतःच्या हाताने आईला ते विष देतो.

आणि अगदी शेवटी कळतं की ब्यॉन्ग-गू खरं बोलत होता. कांग परग्रहवासीच आहे, इतकंच नाही तर तोच राजपुत्र आहे. पृथ्वी उडवली जाते.

आता वितरकाच्या जागी बसून बघा. हा चित्रपट लोकांना कोणत्या शब्दांत सांगायचा? विनोदी, थरारक, भयपट, विज्ञानपट, कामगारांची शोकांतिका, हे सगळं तो आहे आणि प्रत्येक शब्द एकेकटा उच्चारला की खोटा ठरतो. त्यात शेवटचा धक्का आधी फोडता येत नाही. माझ्या मते हा पेच खरा होता. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना मूर्ख ठरवणं आज फार सोपं आहे, पण त्या वेळी तो प्रश्न अवघडच होता.

समोर असलेल्या वाटा

बंद खोलीत काय चर्चा झाली ते मांडण्याचा इथे उद्देश नाही. त्या काळाचा बाजार बघता कोणत्या वाटा दिसत होत्या, तेवढं मांडतो.

विज्ञानपट म्हणून विकण्याची वाट जवळजवळ बंद होती. 2002 च्या सप्टेंबरमध्ये ‘रेझरेक्शन ऑफ द लिटल मॅच गर्ल’ हा प्रचंड खर्चाचा विज्ञानपट तिथे दणकून आपटला होता. त्यानंतर सहा-सात महिन्यांत पुन्हा ‘परग्रहवासी’ म्हणत बाजारात उतरायला कुणाचीही छाती झाली नसती.

थरारपट म्हणून विकता आलं असतं. अपहरण आहे, छळ आहे, मागावर असलेले पोलिसही आहेत. पण मग पहिल्या अर्ध्या तासाचं काय करायचं? थरार बघायला आलेला माणूस ते शिरस्त्राण बघून उठला असता. शिवाय त्याच महिन्यात ‘मेमरीज ऑफ मर्डर’ येत होता. निर्मिती करणारी कंपनीही तीच, सिडस. एकाच घरातले दोन चित्रपट तीन आठवड्यांच्या अंतराने, एकाच गिऱ्हाइकाकडे हात पसरून उभे राहिले असते.

विनोदी ही वाट सगळ्यात रुंद आणि वहिवाटीची. 2001 आणि 2002 मध्ये कोरियात गुंडांवरचे विनोदी चित्रपट धो धो चालले होते. प्रेक्षक हसायला थिएटरात येत होता. ब्यॉन्ग-गूच्या भूमिकेत शिन हा-क्यूनसारखा ओळखीचा, लोकांना आवडणारा नट हाताशी होता. नावातच उद्गारचिन्ह होतं.

चौथी वाट म्हणजे थांबणं. आधी महोत्सवांत फिरवायचा, बोलबाला होऊ द्यायचा, मग थोड्या पडद्यांवर लावून जास्त दिवस ठेवायचा. ही वाट धीराची आहे, आणि चित्रपटाच्या धंद्यात धीर महाग पडतो, कारण व्याज रोज चढत असतं.

काय केलं गेलं

रुंद वाट धरली गेली. रंगीबेरंगी पोस्टर आणि विचित्र शिरस्त्राणातला नायक बघून हा धमाल वेडेपणाचा खेळ आहे असाच समज होत होता. पोस्टरने चित्रपट मारला, असं तिथले चाहते आजही म्हणतात.

परिणाम

देशभरात मिळून सुमारे 73 हजार तिकिटं विकली गेली. तीन आठवड्यांनी आलेल्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ने 50 लाखांचा आकडा ओलांडला. दोन वर्गमित्र, एकच महिना, एकच निर्माता.

हसायला आलेल्यांना सोललेले पाय दिसले. ज्यांना हा चित्रपट जिवापाड आवडला असता ते पोस्टर बघून फिरकलेच नाहीत. चित्रपट वाईट होता म्हणून पडला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. चुकीच्या लोकांना आत बोलावलं गेलं आणि योग्य लोक बाहेर राहिले.

मग थिएटरातून उतरल्यावर सन्मान यायला लागले. जूनमध्ये मॉस्को महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार. त्यानंतर कोरियातल्याच बुचॉनच्या महोत्सवात सर्वोच्च सन्मान. कोरियाच्या ग्रँड बेल पुरस्कारांत जांगला नवोदित दिग्दर्शकाचा आणि कांगची भूमिका करणाऱ्या बेक युन-शिकला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार. 2004 मध्ये ब्रसेल्सच्या महोत्सवात गोल्डन रेव्हन हा पुरस्कार. शापित श्रेष्ठ चित्रपट, असं बिरुद कोरियात त्याला चिकटलं ते कायमचं.

या बिरुदाची किंमत एका माणसाने मोजली. जांगचा दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट, ‘ह्वायी’, 2013 मध्ये आला. मध्ये दहा वर्षं गेली. तिशीतला एक दिग्दर्शक, पहिल्याच चित्रपटात एवढी झेप घेतलेला, आणि त्याच्या उमेदीच्या दशकातून आपल्या हाती अनेक दिग्दर्शकांनी मिळून केलेल्या एका संग्रहपटातल्या भागाखेरीज फारसं काही आलं नाही. 2017 मध्ये त्याने ‘1987: व्हेन द डे कम्स’ केला, लोकशाहीच्या लढ्यावरचा. तो 70 लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. म्हणजे या माणसाला लोकांपर्यंत पोचता येत नव्हतं असं अजिबात नाही. पुरस्कारांच्या यादीपेक्षा मला ही दहा वर्षं जास्त टोचतात.

पुन्हा सापडणं

डीव्हीडीवर आणि महोत्सवांतून तो हळूहळू फिरत राहिला, एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. 2016 मध्ये सोलमध्ये त्याचं नाटकही झालं. खोली एक, खुर्ची एक, माणसं तीन-चार. ही गोष्ट रंगमंचावर येणं आपल्यासारख्या नाटकवेड्या लोकांना लगेच पटेल.

मोठं वळण आलं ते इंग्रजी रूपांतराने. ते आधी जांग स्वतःच दिग्दर्शित करणार होता. पुढे ते ग्रीक दिग्दर्शक योर्गोस लँथिमोसकडे गेलं आणि 2025 मध्ये व्हेनिस महोत्सवात ‘बुगोनिया’ नावाने आलं. कंपनीचा मालक तिथे बाई झाली, एमा स्टोनने केलेली. अपहरण करणारा जेसी प्लेमन्स. मधमाश्या राहिल्या, नावातही. बैलाच्या कुजत्या देहातून मधमाश्या जन्मतात अशी भूमध्य प्रदेशात जुनी समजूत होती, तिचं हे नाव. या चित्रपटाच्या निमित्ताने जगभर लोक मूळ कोरियन चित्रपट शोधायला लागले.

हेच बीज 2003 मध्ये का रुजलं नाही आणि आता का रुजलं, याची दोन कारणं मला दिसतात.

एक तर जग ब्यॉन्ग-गूच्या जवळ आलं. 2003 मध्ये इंटरनेटवरची विचित्र पानं वाचून जगाचा कट उलगडणारा माणूस म्हणजे गमतीचं पात्र होतं. आज असा माणूस प्रत्येकाच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. त्याच्या वेडामागे एखादी न भरलेली जखम असू शकते, हे आपण आता स्वतःच्या घरात पाहिलेलं असतं.

दुसरं म्हणजे या वेळी चौथी वाट धरली गेली. आधी महोत्सव, मग थिएटर. शिवाय लँथिमोसच्या नावातच सूचना आहे: इथे हसू येईल, पण सरळ हसू देणार नाही. पोस्टरने जे काम करायचं ते दिग्दर्शकाच्या कीर्तीने केलं. नवख्या जांगकडे 2003 मध्ये ती कीर्ती नव्हती, म्हणून त्याच्या पोस्टरवर दुप्पट भार होता.

आमच्या खोलीत

पुण्यात आमचा आठ-नऊ जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून चित्रपट बघतो. काही वर्षांपूर्वी माझी पाळी होती आणि मी हा निवडला. ग्रुपवर लिहिलं: ‘या वेळी कोरियन कॉमेडी, एकदम वेगळी.’ शेवट फुटू नये म्हणून पुढे काही सांगितलं नाही. नेमकं 2003 चंच पोस्टर मी पुन्हा छापलं, आणि तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

नऊ जण आले. पहिला अर्धा तास हॉल दणाणला. पायांच्या दृश्याला एक मैत्रीण उठली, स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं आणि परत आलीच नाही. मी मागे गेलो तर ओट्याशी उभी होती. म्हणाली, “तू सांगायला हवं होतंस. मला काय बघायचंय ते मी ठरवलं असतं ना.” तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. चित्रपट संपल्यावर उरलेल्यांची चर्चा फक्त फसवणुकीवर झाली, ब्यॉन्ग-गूवर कुणी बोललंच नाही.

दोन वर्षांनी मी तोच चित्रपट पुन्हा लावायचं ठरवलं. या वेळी तीन पर्याय ताडून पाहिले. सगळं सांगून टाकायचं, तर शेवट मेला. काहीच सांगायचं नाही, तर स्वयंपाकघरातलं आधण. मग मधलं काहीतरी. बराच वेळ खोडाखोड करून मी एवढं लिहिलं: ‘पहिला अर्धा तास हसाल. नंतर त्या हसण्याचं काय करायचं ते कळणार नाही. छळाची दृश्यं आहेत आणि ती खरी वाटतात. ज्यांना नको त्यांनी या महिन्यात सुट्टी घ्या, राग नाही.’

पाच जण आले. चार जण गळाले, हा त्या निर्णयाचा तोटा. तो मी मान्य केला.

वेगळं काय करता आलं असतं

या चित्रपटाबद्दल एक सल्ला नेहमी ऐकू येतो, की जांगने एकच सूर धरायला हवा होता, ना धड विनोदी ना धड थरारक असं करून त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. हे मला मुळीच पटत नाही. सुरुवातीचं हसू काढून टाकलं तर शेवटचा घाव बसणारच नाही. एका तुटलेल्या माणसाला आपण वेड्यात काढलं, त्याच्यावर खदखदून हसलो, आणि मग त्याची यादी वाचली. ही वाट प्रेक्षकाने स्वतः चालावी लागते. हिशोब चित्रपटाचा नव्हे, पाटीचा चुकला.

पाटीवर विनोद ठेवायला हरकत नव्हती. फक्त त्याच्या शेजारी तो सोललेला पाय किंवा तळघरातली खुर्ची दिसायला हवी होती. कमी लोक आले असते. पण आले असते ते थांबले असते, आणि दुसऱ्याला घेऊन पुन्हा आले असते. अशा प्रेक्षकाची ताकद कोरियात त्याआधी दिसली होती. 2001 मध्ये ‘टेक केअर ऑफ माय कॅट’ आणि ‘वायकिकी ब्रदर्स’सारखे चार चित्रपट लवकर उतरले, तेव्हा ते पुन्हा दाखवावेत म्हणून मोहीम उभी राहिली होती. थोड्या पडद्यांवर टिकून राहायची वाट अगदीच अनोळखी नव्हती.

तारखेचाही प्रश्न उरतो. मॉस्को जूनमध्ये आणि बुचॉन त्यानंतर. चित्रपट त्यांच्या आधीच लागून उतरला होता. पुरस्काराने गर्दी येतेच असं नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘हे काहीतरी वेगळं आहे’ एवढं सांगायला त्या पुरस्कारांनी मदत केली असती, आणि या चित्रपटाला नेमकी तेवढीच मदत हवी होती.

बघणाऱ्यासाठी एक व्यवहारी गोष्ट. ‘बुगोनिया’ पाहिला असेल तर मूळ चित्रपट बघताना धक्क्याची वाट बघत बसू नका, तो तुम्हाला आधीच ठाऊक आहे. त्याऐवजी ब्यॉन्ग-गूचा चेहरा बघा. शिन हा-क्यूनच्या डोळ्यांत जे मध्येच पोरकं दिसतं, ते रूपांतरात मला सापडलं नाही. ‘बुगोनिया’ थंड डोक्याचा चित्रपट आहे. मूळ चित्रपट ऊर फुटेपर्यंत धावतो.

त्या दुसऱ्या खेळाला आलेल्या पाचांत एक काका होते, रसायनाच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट सांभाळून निवृत्त झालेले. अख्खा वेळ हाताची घडी घालून बसले होते. पृथ्वी फुटल्यावर अवकाशात एक टीव्ही तरंगत जातो आणि त्याच्या पडद्यावर ब्यॉन्ग-गूच्या आयुष्यातले साधे, सुखाचे क्षण दिसत राहतात. आईबाप, सुनी, हसू. नावं संपली. मी दिवा लावायला उठलो तर काकांनी खूण करून थांबवलं.

“त्या आईला कंपनीने काही दिलं होतं का रे?” त्यांनी विचारलं. कुणालाच उत्तर देता आलं नाही. मग म्हणाले, “तो टीव्हीचा भाग परत लाव.”

लावला. त्यानंतर त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितला.